कांगा लीगच्या चिखलातून आयपीएलच्या हॅट्ट्रिकपर्यंत : 41 व्या वर्षी पदार्पण करणारा प्रवीण तांबे

5 मे 2014. अहमदाबादचं मोटेरा स्टेडियम. राजस्थान रॉयल्सनं कोलकाता नाईट रायडर्सला 171 धावांचं टार्गेट दिलेलं. गौतम गंभीर आणि रॉबिन उथप्पानं अशी काही सुरुवात केली की 14 ओव्हर झाल्या तरी कोलकात्याची एकही विकेट गेली नव्हती. स्कोअर होता बिनबाद 121. राजस्थानचे फॅन्स टीव्ही बंद करायच्या तयारीत होते.

पंधराव्या ओव्हरमध्ये शेन वॉटसननं गंभीर, उथप्पा आणि आंद्रे रसेल अशा तीन विकेट काढल्या. सोळावी ओव्हर टाकायला आला एक लेगस्पिनर. त्यानं मनीष पांडेला स्टंपिंग करून घालवलं, युसूफ पठाणचा कॅच स्वतःच घेतला आणि रायन टेन डस्काटेला एलबीडब्ल्यू केलं. हॅट्ट्रिक. अवघ्या 2 धावांत कोलकात्याच्या 6 विकेट गेल्या आणि हातात आलेली मॅच त्यांनी 10 धावांनी घालवली.

मॅन ऑफ द मॅच ठरलेल्या त्या लेगस्पिनरचं वय होतं 42 वर्षं. नाव प्रवीण तांबे. या वयात बहुतेक क्रिकेटर निवृत्त होऊन कॉमेंट्री बॉक्समध्ये बसलेले असतात. तांबेचं मोठं क्रिकेट मात्र सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

मग त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं हा माणूस होता कुठे?

मैदानातलं क्रिकेट म्हणजे नेमकं काय?

प्रवीण तांबेचा जन्म 8 ऑक्टोबर 1971 चा, मुंबईचा. म्हणजे तो सचिन तेंडुलकरपेक्षा दीड वर्षानं मोठा. सचिननं 1989 मध्ये पाकिस्तानात कसोटी पदार्पण केलं, 24 वर्षं खेळून नोव्हेंबर 2013 मध्ये निवृत्ती घेतली. या सगळ्या काळात तांबे त्याच शहरात क्रिकेट खेळत होता, पण ज्या क्रिकेटला टीव्ही कॅमेरा लागत नाही ते.

मुंबईत क्रिकेटचे दोन मजले आहेत. वरचा मजला सगळ्यांना माहिती आहे : मुंबईचा रणजी संघ आणि त्यातून टीम इंडिया. खालचा मजला म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्कवर चालणारं क्लब आणि ऑफिस क्रिकेट.

यातली सगळ्यात प्रसिद्ध स्पर्धा कांगा लीग. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावानं 1948 पासून ही लीग खेळली जाते आणि तीही ऐन पावसाळ्यात. पिचवर आच्छादन नसतं, आउटफिल्डमध्ये गवत वाढलेलं असतं, चेंडू कधी घोट्याएवढा राहतो तर कधी हनुवटीकडे येतो. एकाच मैदानावर शेजारी शेजारी चार-पाच मॅच चालू असतात. तुमचा फिल्डर आणि पलीकडच्या मॅचचा फिल्डर पाठीला पाठ लावून उभे असतात. लीगमध्ये ए, बी, सी असे डिव्हिजन आहेत आणि या चिखलात टिकलेला बॅट्समन कुठेही टिकतो असं मुंबईकर मानतात.

दुसरी महत्त्वाची स्पर्धा टाइम्स शील्ड. ही ऑफिस-ऑफिसची. बँका, मोठ्या कंपन्या, सरकारी खाती यांच्या टीम त्यात खेळतात. एकेकाळी मुंबईत चांगलं क्रिकेट खेळणाऱ्याला त्या जोरावर नोकरी मिळायची. सकाळी मैदान, दुपारी ऑफिस. शेकडो खेळाडूंचं घर या पद्धतीवर चाललं.

तांबे याच दुनियेतला. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या टीमकडून तो खेळायचा. पुढे शिवाजी पार्क जिमखान्यासारख्या क्लबकडून खेळला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्पोर्ट्स अकादमीत काम केलं. डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएलच्या मॅच व्हायच्या तेव्हा बाहेरून आलेल्या टीमची व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये तो असायचा. म्हणजे आयपीएल त्यानं आधी मैदानाच्या काठावरून पाहिली.

फास्ट बॉलर व्हायचं होतं, झाला लेगस्पिनर

तांबे मुळात लेगस्पिनर नव्हताच. तो मध्यमगती गोलंदाज होता. ओरिएंट शिपिंगच्या टीमचा कॅप्टन अजय कदमनं त्याला लेगस्पिन टाकायचा सल्ला दिला आणि गाडीनं रूळ बदलला.

हा बदल ऐकायला सोपा वाटतो, पण लेगस्पिन ही क्रिकेटमधली सगळ्यात अवघड कला समजली जाते. चेंडू मनगटातून फिरवायचा असतो, त्यामुळे टप्प्यावर ताबा ठेवणं कठीण. थोडा आखूड पडला की चौकार, थोडा पुढे पडला की सिक्सर. त्यात गुगली, म्हणजे त्याच मनगटातून उलट्या दिशेला वळणारा चेंडू, शिकायला वर्षं जातात. तेसुद्धा विशीत, जेव्हा बरोबरीची पोरं रणजीच्या दारात उभी असतात.

मध्यमगतीचा अनुभव मात्र वाया गेला नाही. तांबे पारंपरिक लेगस्पिनरसारखा चेंडू हवेत उंच सोडत नसे. त्याचा चेंडू सपाट, वेगात आणि स्टंपवर यायचा. पुढे येऊन मारायला बॅट्समनला वेळच मिळायचा नाही. पुढे टी-20 मध्ये हीच गोष्ट त्याच्या कामाला आली.

मग रणजी का नाही?

हा प्रश्न कुणालाही पडेल. इतकं चांगलं खेळणाऱ्याला मुंबईनं घेतलं का नाही?

पहिलं कारण म्हणजे मुंबईतली गर्दी. रणजी ट्रॉफी 40 पेक्षा जास्त वेळा जिंकलेला हा संघ. इथं एका जागेसाठी दहा जण रांगेत असतात. त्यात तांबेच्या उमेदीच्या काळात मुंबईकडे लेगस्पिनर होता साईराज बहुतुले. वयानं तांबेपेक्षा सव्वा वर्षानं लहान, फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये 600 पेक्षा जास्त विकेट घेणारा आणि वर बॅटिंगही करणारा. सोबत निलेश कुलकर्णी आणि रमेश पोवार होते. हे तिघंही पुढे भारताकडून खेळले. अशा संघात चौथ्या स्पिनरला जागा कुठून मिळणार?

दुसरं कारण वयाचं. भारतात वर जायचा रस्ता अंडर-14, अंडर-16, अंडर-19 अशा वयोगटांतून जातो. या जिन्यावर ज्याचा पाय वेळेत पडला नाही, त्याच्याकडे निवड समितीचं लक्ष जाणं अवघड होतं. पंचविशीनंतर खेळाडूच्या विकेटपेक्षा आधी त्याचा जन्मदाखला पाहिला जातो. तिशीनंतर तर कुणी मॅच बघायलाही येत नाही.

तांबेच्या बाबतीत हेच झालं. विकेट येत राहिल्या, फोन आला नाही. विशी गेली, तिशी गेली. लग्न झालं, मुलं झाली, संसाराच्या जबाबदाऱ्या वाढल्या. बरोबरचे बहुतेक जण किट बॅग माळ्यावर टाकून नोकरीत स्थिरावले. तांबे दर रविवारी मैदानात येत राहिला.

2013 : दार उघडलं

डी. वाय. पाटील टी-20 स्पर्धेतली तांबेची बॉलिंग राजस्थान रॉयल्सच्या नजरेत भरली. त्यांचा कॅप्टन होता राहुल द्रविड. राजस्थान ही कमी पैशांत, दुसऱ्यांनी सोडलेले किंवा न पाहिलेले खेळाडू शोधणारी टीम म्हणून ओळखली जायची. त्यांनी तांबेला करारबद्ध केलं आणि मे 2013 मध्ये त्यानं आयपीएल पदार्पण केलं. वय 41. आयपीएलमध्ये इतक्या उशिरा पदार्पण दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तोपर्यंत तांबे एकही रणजी मॅच खेळला नव्हता. साधारणपणे खेळाडू रणजी खेळतो, तिथं नाव कमावतो, मग आयपीएलमध्ये जातो. तांबेनं मधला मजलाच गाळला.

पहिला सीझन काही खास गेला नाही. तीनच मॅच मिळाल्या. इथंच गोष्ट संपली असती तर तांबे एखाद्या क्विझमधला प्रश्न बनून राहिला असता.

पण त्याच मे महिन्यात स्पॉट फिक्सिंग प्रकरणानं राजस्थानची टीम हादरली. टीममधल्या तीन खेळाडूंना अटक झाली, त्यातले दोन स्पिनर होते. सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीग टी-20 साठी संघ उतरला तेव्हा त्यांना भरवशाचा स्पिनर हवा होता. तांबे तयार होता.

त्या स्पर्धेत त्यानं 5 मॅचमध्ये 12 विकेट घेतल्या. सरासरी होती 6.50, म्हणजे दर साडेसहा धावांमागे एक विकेट. सेमीफायनलमध्ये समोर महेंद्रसिंग धोनीची चेन्नई सुपर किंग्ज होती. तांबेनं 10 धावांत 3 विकेट काढल्या आणि मॅन ऑफ द मॅच ठरला. फायनल राजस्थाननं मुंबई इंडियन्सविरुद्ध गमावली. 6 ऑक्टोबरची ती मॅच सचिन आणि द्रविड या दोघांचीही शेवटची टी-20 ठरली. स्पर्धेत सगळ्यात जास्त विकेट घेणाऱ्याला मिळणारा गोल्डन विकेट पुरस्कार तांबेला मिळाला आणि दोन दिवसांनी तो 42 वर्षांचा झाला.

आता मुंबईलाही दखल घ्यावी लागली. 2013-14 च्या मोसमात ओडिशाविरुद्ध तांबे मुंबईकडून रणजी खेळला. ज्या टोपीसाठी वीस वर्षं मैदान झिजवलं, ती आयपीएलमुळे मिळाली. तीही अशा वयात, जेव्हा चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये लांब करिअर करणं शक्यच नव्हतं. दोन मॅचवरच त्याचं रणजी करिअर थांबलं.

दोन चेंडूंत हॅट्ट्रिक कशी?

पुन्हा मोटेराच्या त्या ओव्हरकडे येऊ, कारण तिच्यात एक गंमत आहे. मनीष पांडे ज्या चेंडूवर स्टंपिंग झाला तो वाईड होता. क्रिकेटच्या नियमानुसार वाईड चेंडूवर बॅट्समन बोल्ड, कॅच किंवा एलबीडब्ल्यू होत नाही, पण स्टंपिंग आणि रनआउट होऊ शकतो. आणि स्टंपिंगची विकेट बॉलरच्या खात्यात जमा होते.

वाईड चेंडू ओव्हरच्या सहा चेंडूंत मोजत नाहीत. त्यामुळे पांडे बाद झाला तेव्हा तांबेच्या ओव्हरमध्ये वैध चेंडू शून्य होते. पुढच्या दोन चेंडूंवर पठाण आणि टेन डस्काटे गेले. म्हणजे तीन विकेट आणि वैध चेंडू फक्त दोन. सलग तीन चेंडूंवर विकेट गेल्या असल्यानं हॅट्ट्रिक मात्र पूर्ण धरली जाते.

त्या 2014 च्या सीझनमध्ये तांबेनं 13 मॅचमध्ये 15 विकेट घेतल्या. राजस्थाननंतर 2016 मध्ये तो गुजरात लायन्सकडून खेळला, 2017 मध्ये सनरायझर्स हैदराबादनं त्याला घेतलं. आयपीएलमध्ये एकूण 33 मॅच आणि 28 विकेट असा त्याचा हिशोब आहे. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण हे सगळं 41 ते 44 या वयात झालं, हे लक्षात घेतलं की त्यांचं वजन कळतं.

एक लीग खेळला आणि आयपीएल हुकली

2018 मध्ये तांबे शारजातल्या टी-10 लीगमध्ये सिंधीज संघाकडून खेळला. वय 47. केरळ नाईट्सविरुद्ध त्यानं दोन ओव्हरमध्ये 15 धावा देऊन 5 विकेट काढल्या. बाद झालेल्यांची नावं वाचा : ख्रिस गेल, इऑन मॉर्गन, कायरन पोलार्ड, फॅबियन अ‍ॅलन, उपुल थरंगा. यात हॅट्ट्रिकही होती.

डिसेंबर 2019 च्या आयपीएल लिलावात कोलकाता नाईट रायडर्सनं, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक घेतली होती त्यांनीच, त्याला 20 लाखांच्या बेस प्राइसला विकत घेतलं. 48 व्या वर्षी लिलावात विकला गेलेला तो सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला.

पण तो खेळू शकला नाही. बीसीसीआयच्या नियमानुसार भारतीय पुरुष खेळाडूला निवृत्ती घेतल्याशिवाय परदेशातल्या लीगमध्ये खेळता येत नाही. आणि परदेशी लीग खेळायला निवृत्त झालेला खेळाडू आयपीएलसाठी पात्र राहत नाही. टी-10 खेळल्यामुळे तांबेला अपात्र ठरवण्यात आलं.

एक दार बंद झालं तसं दुसरं उघडलं. 2020 मध्ये कोलकात्याच्याच मालकांची कॅरेबियन प्रीमियर लीगमधली टीम, ट्रिनबागो नाईट रायडर्सनं त्याला घेतलं आणि सीपीएल खेळणारा तो पहिला भारतीय क्रिकेटर ठरला. त्या वर्षी ट्रिनबागोनं एकही मॅच न हरता ट्रॉफी जिंकली. पुढे तांबे कोलकात्याच्या सपोर्ट स्टाफमध्ये दिसू लागला.

एप्रिल 2022 मध्ये जयप्रद देसाई दिग्दर्शित 'कौन प्रवीण तांबे?' हा सिनेमा हॉटस्टारवर आला. तांबेची भूमिका केली श्रेयस तळपदेनं. कोलकात्याच्या खेळाडूंसोबत हा सिनेमा पाहिल्यावर तांबेला रडू आवरलं नाही. तो व्हिडिओ तेव्हा प्रचंड व्हायरल झाला होता.

इंग्लंडचा वार्डी आणि मुंबईचा तांबे

तांबेची गोष्ट सांगताना जेमी वार्डीची आठवण येते. वार्डी हा इंग्लंडचा फुटबॉलर. शेफिल्ड वेन्सडे क्लबनं त्याला सोळाव्या वर्षी अंगानं लहान आहे म्हणून काढून टाकलं. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळू लागला आणि पोटासाठी कारखान्यात काम करू लागला. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनच्या खाली जे फुटबॉल चालतं त्याला नॉन-लीग म्हणतात. आपल्या कांगा लीगसारखंच ते. हौशी आणि अर्धव्यावसायिक खेळाडूंचं.

तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड टाउन, आणि 2012 मध्ये लेस्टर सिटी. लेस्टरनं त्याच्यासाठी 10 लाख पौंड मोजले. नॉन-लीगच्या खेळाडूला तोवर एवढी रक्कम कुणी दिली नव्हती. 2015-16 च्या सीझनमध्ये वार्डीनं सलग 11 प्रीमियर लीग मॅचमध्ये गोल केले आणि लेस्टर चॅम्पियन झालं. सीझनच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी लेस्टरला एकास पाच हजार असा भाव दिला होता, यावरून हे किती अशक्य वाटत होतं याचा अंदाज येतो.

दोघांच्या गोष्टी सारख्या वाटतात, पण एक मोठा फरक आहे. वार्डी प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा 27 वर्षांचा होता. तांबे 41 वर्षांचा.

हा फरक नशिबाचा कमी आणि जिन्याचा जास्त आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सगळ्या पायऱ्या एकमेकांना जोडलेल्या आहेत. खालच्या डिव्हिजनमधला क्लब जिंकला की वर चढतो. त्यामुळे तळातल्या मॅचवरही वरच्या क्लबचं लक्ष असतं आणि वय कितीही असो, चांगला खेळाडू विकत घेतला जातो.

मुंबईत कांगा लीगच्या ए डिव्हिजनच्या वर क्लबसाठी पायरीच नाही. त्यापुढे आहे ती निवड समिती, आणि तिची नजर वयोगटावर. आयपीएल आली तेव्हा पहिल्यांदाच निवड समितीच्या बाहेरून आत येणारं एक दार तयार झालं. टीमच्या स्काउटला खेळाडूचा जन्मदाखला नको होता, चार ओव्हर हव्या होत्या. 24 चेंडू सपाट आणि स्टंपवर टाकणारा माणूस 21 चा आहे की 41 चा, यानं त्यांना फरक पडत नव्हता.

लोहाऱ्यातल्या पोरानं यातून काय घ्यायचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात क्रिकेट म्हणजे प्रामुख्यानं टेनिस बॉल. हा भाग येतो महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, ज्यांचं स्टेडियम पुण्याजवळ गहुंजेला आहे. मुंबई आणि विदर्भाच्या असोसिएशन वेगळ्या. म्हणजे लोहाऱ्याच्या पोराला लेदर बॉलचं मोठं क्रिकेट गाठायला तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करावा लागतो.

पण हा रस्ता बंद नाही. याच जिल्ह्यातल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर महाराष्ट्राच्या वयोगटांतून वर आला, 2022 चा अंडर-19 वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळला. चेन्नई सुपर किंग्जनं त्याच्यासाठी दीड कोटी मोजले आणि मार्च 2023 मध्ये पहिल्याच आयपीएल मॅचमध्ये त्यानं गुजरात टायटन्सच्या 3 विकेट काढल्या. तेव्हा तो 20 वर्षांचा होता.

राजवर्धन हे वेळेत जिना सापडलेल्याचं उदाहरण आहे, तांबे हे जिना न सापडलेल्याचं. आणि खरं सांगायचं तर गावोगाव दुसऱ्या प्रकारचेच खेळाडू जास्त असतात.

म्हणून तांबेची गोष्ट फक्त 'जिद्द ठेवा, यश मिळेल' एवढ्यावर सोडून देणं बरोबर नाही. त्याच्याएवढीच जिद्द असलेले कितीतरी जण त्याच मैदानांवर खेळले आणि त्यांची नावं कुणाला माहितीही नाहीत. तांबेला 41 व्या वर्षी लेगस्पिन यायला लागला असं झालं नव्हतं. तो आधीपासून येत होता. बघणारा माणूस उशिरा आला, एवढंच.

मात्र तो आला तेव्हा तांबे मैदानात होता. घोट्याएवढ्या चिखलात, शेजारच्या मॅचच्या फिल्डरला चुकवत, दर रविवारी. तो घरी बसला असता तर राजस्थानच्या स्काउटला काहीच दिसलं नसतं आणि मोटेराच्या त्या रात्री कोलकात्यानं ती मॅच आरामात जिंकली असती.